वळणावरचा आरसा

आमोण्याच्या अरुंद वळणावर मायनिंगच्या ट्रकला ओव्हरटेक करताना सत्यवतीचा नवरा समोरच्या बसखाली गेला. ‘जा पुढे’ म्हणून ट्रकवाल्यानंच हात बाहेर काढून खुणावलं होतं. अर्ज करकरून तिनं तिथं गोल आरसा बसवून घेतला. पलीकडची गाडी त्यात दिसे. पण लाल धुळीनं तो माखायचा. ती रोज सकाळी फडकं घेऊन जाई. आठवडाभर मात्र आरसा आधीच पुसलेला. ‘देवाला बरी सवड मिळाली,’ म्हणत आज ती उजाडताच पोचली. ट्रकच्या बंपरवर चढून म्हातारा ड्रायव्हर टुवालानं काच पुसत होता. “वयनी, त्या दिसाचो हात माझोच. वळणाफुडला माका तरी खंय दिसत होता?” तिनं आरशातल्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. मग तिनं ओलं फडकं वर दिलं. “वरची कड रवली. थंय माझो हात पावत नाय.”