आठ तासांचे आकडे

“मोजल्याशिवाय आकडा लिहू नकोस गं. सवय लागते,” निवृत्त होताना वत्सलाताई मला म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. त्यांच्या पोरांना सांभाळायला घरी सासू होती, माझ्या बाळाला पाळणाघर.

आमच्या कारखान्यात कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनतात. दर तासाला पाच उचलायचे, किती दाबाला उघडतात ते पाहायचं आणि तक्त्यात लिहायचं. आकडे रोज तेच यायचे. म्हणून मी सकाळीच आठही तासांचे रकाने भरून टाकायचे आणि दुपारी बाळाला पाजायला पळायचे.

व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंग नव्या पुरवठादाराकडून येतायत, हे मला कळलं तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. घाबरून पाच व्हॉल्व्ह लावून पाहिले. चार उघडलेच नाहीत. आधीचा माल कुकरांवर चढून दुकानांत पोचला होता.

“सर, माल परत मागवा,” मी सुपरवायझर खैरमोडेंना म्हटलं.

त्यांनी माझेच तक्ते समोर ठेवले. “कशाला मॅडम? एक आकडा इकडचा तिकडे नाही. साहेब तुमचं कौतुक करतायत. आणि सही कुणाची? बोललात तर आधी तुम्हीच आत जाल. बाळ किती महिन्यांचं झालं?”

सात.

तेव्हापासून मी गप्प आहे. शेजारच्या कुकरच्या शिट्टीला उशीर झाला, की बाळाला उचलून गॅलरीत जाऊन उभी राहते.

तुमच्या इमारतीत कुणी नुकताच संसार मांडला असेल, तर आज तिचं दार वाजवा. कुकर नवा असेल, तर ती गॅस पेटवायच्या आत पोचा.