अर्धा कोयता

“शून्य ते दहात सांग. यंदा घरी थांबाची तुही तयारी किती हाय?”

“दोन,” लखमा म्हणाली.

वैजयंतीला आनंद झाला. ऑनलाइन प्रशिक्षणातल्या मॅडमनी सांगून ठेवलं होतं की पेशंट दोन म्हणाली तर हिरमुसायचं नाही. शून्य का नाही, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हेच अवघड. नऊ वर्षं वैजयंती मानोऱ्याकडच्या तांड्यांवर नर्स म्हणून फिरत होती आणि नऊ वर्षं तिने गरोदर बायकांना नुसतं दटावलं होतं. ऊसतोडीला जाऊ नका, गोळ्या खा, दवाखान्यात या. बायका मान डोलवत आणि दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसून निघून जात. पालथ्या घड्यावर पाणी.

या वेळी तिने दटावलं नाही. उपकेंद्रातल्या टेबलावर फोनचं रेकॉर्डिंग चालू होतं, लखमाला विचारूनच लावलेलं.

“मंग शून्य काहून नाही?”

लखमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला आठवा लागला होता. मग ती बोलू लागली. गेल्या खेपेला उसाच्या फडातच कळा आल्या. दोन बायांनी लुगड्याचा आडोसा धरला. पोर निळं पडून आलं आणि रडलंच नाही. सासू तेव्हा इकडे तांड्यावर होती. सासू म्हणजे तांड्याची सुईण. ती जवळ असती तर वाचलं असतं, असं लखमा तीन वेळा म्हणाली. वैजयंतीने सल्ला दिला नाही. मग तुला काय करावंसं वाटतं, एवढंच विचारलं.

“यंदा मी नाही जात,” लखमा म्हणाली.

निर्णय तिचा, तिच्याच तोंडून आलेला. मॅडमनी ते रेकॉर्डिंग शेवटच्या वर्गात सगळ्यांना ऐकवलं. समुपदेशन असं करायचं, म्हणाल्या. पडद्यावर टाळ्यांची चित्रं उगवत राहिली. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत तिच्या कामाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. पुढे पत्रही आलं. जिल्ह्यातून तिची एकटीची निवड झाली होती. सोमवारपासून दहा दिवस पुण्याला जायचं आणि इतरांना हे कसं शिकवायचं ते शिकून यायचं. उपकेंद्रात दुसरी नर्स नव्हती, तेव्हा दहा दिवस तिथे कुलूप लागणार होतं. दहा दिवसांत काय आभाळ कोसळतं, असं तिने स्वतःलाच समजावलं.

शनिवारी ती पेढे घेऊन तांड्यावर निघाली. लखमाची तारीख गुरुवारची होती. घरात सासू जाणती होती. कळा सुरू झाल्या की तिने लखमाला मानोऱ्याच्या दवाखान्यात कसं न्यायचं, ते नीट सांगून जावं असा वैजयंतीचा विचार होता. पुण्याची बातमीही द्यायची होती. त्या निवडीत लखमाचा वाटा होताच की.

तांडा उठला होता. दारांना कुलपं, कुलपांसमोर बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या. कुत्री भुंकलीसुद्धा नाहीत, नुसती पाहत राहिली. इथे फोनला रेंज नसतेच, त्यासाठी टेकडीवर चढावं लागतं. वैजयंतीने सवयीने फोन काढला आणि परत ठेवला. लखमाच्या दारात तिचा आजेसासरा बाबूसिंग बसला होता. त्याला ऐकू येत नाही आणि दिसतं तेही अंधुक. आत लखमा एका हाताने भिंत धरून चूल सारवत होती. पोट खाली उतरलंय, कळा कधीही सुरू होतील, हे वैजयंतीने दारातूनच हेरलं.

“सासू कुठं गेली तुही?”

“तोडीले.”

लखमाने सांगितलं ते साधंच होतं. मजूर नेणारा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतो. बायको मागे राहिली की उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी ट्रकमध्ये घेत नाही. म्हणून सुनेच्या जागी सासू गेली. दरसाल घर राखणारी, पन्नाशी उलटलेली बाई सुनेचा कोयता घेऊन लेकाबरोबर उसात उतरली. यावरून घरात भांडणही झालं नाही. इतकं सरळ होतं ते, आणि वैजयंतीच्या एकाही प्रश्नात नव्हतं.

माहेरी जातेस का, तिने विचारलं. माहेरचेही तोडीलाच गेले होते. मग आजच माझ्याबरोबर मानोऱ्याला चल, तुला भरती करते, असं ती घाईघाईने म्हणाली. लखमाने दाराकडे पाहिलं. बुढ्याला भाकरी कोण देणार? कळा सुरू झाल्याशिवाय ती इथून हलणार नव्हती.

“अन् कळा सुरू झाल्यावर तुह्याजवळ कोन राहीन?” वैजयंतीचा आवाज चढला. मॅडमनी शिकवलेलं सगळं ती विसरली. “याचा इचार नाही केला तू? कोनाच्या भरवशावर थांबली?”

लखमा हसली. तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

“तुमच्या,” ती म्हणाली. “इतकं इचारनारी बाई टायमाले येनारच.”