लहानपणचा ताप

"दोन घागरी पाणी आणलं की धापा टाकती. माहेरी निस्ती बसवूनच ठेवली होती का लेकीला?" हिंगोलीतल्या दवाखान्याच्या बाकावर नर्मदाबाई विहिणीच्या कानाशी पुटपुटल्या. आत त्यांची सून प्रतीक्षा होती, सातव्या महिन्यातली.

डॉक्टर मान खाली घालून बाहेर आले. "खूप प्रयत्न केले. हृदयाची झडप लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापातच खराब झाली होती. ऑपरेशन कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं, दहावीत असताना," विहीण म्हणाली. "पण छातीवर वण राहिला असता. पोरगी पाहायला आलेल्या बाया आत नेऊन बघत्यात." मग ती नर्मदाबाईंकडे वळली. "वण पाहून केली असती का तुमी, ईनबाई?"

नर्मदाबाई खोटं बोलल्या नाहीत.

"न्हाई केली असती. पण पोरगी जिती असती."