अकरा नंबरच्या आजी

अकरा नंबरच्या आजींची साखर आजही जागची हलली नाही. चाचणीतल्या बाकी दहा जणांची साखर इन्सुलिनची कॅप्सूल घेतली की निमूट उतरत होती. पण या एका आकड्यापायी चाचणीचे मुख्य साहेब कॅप्सूलवरचं आवरणच मोडीत काढायला निघाले होते. "सोमवारी ठरवू," म्हणाले.

आवरण डॉक्टरीणबाईंनी शोधलेलं. पोटाला अन्न काय नि औषध काय, सारखंच. तोंडावाटे आलेलं इन्सुलिन ते पचवून मोकळं होतं. त्याला आतड्यापर्यंत सुखरूप नेणारं हे चिलखत. सात वर्षं त्यात गेली होती, नि डोक्यावरचे निम्मे केसही.

शेवटी बाई स्वतःच आजींच्या खाटेपाशी जाऊन बसल्या.

"अगं बाई, आज मोठ्या डॉक्टरीणबाई! माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार, आजी? आमचंच घोडं कुठंतरी अडलंय."

सिस्टरने कॅप्सूल दिली, पाण्याचा पेला दिला आणि वेळ लिहायला पाठ वळवली.

कट्कन आवाज झाला.

आजी डोळे मिटून, मन लावून चावत होत्या.

"आजी! चावताय?"

"मग? बत्तीस वेळा. न चावता गिळलेलं अंगी लागत नाही. आई पाठीत धपाटा घालायची." आजींनी तोंड वाकडं केलं. "कडूजहर आहे हो तुमचं. पण एक दिवस चुकवलं नाही."

बाईंनी सूचनांचा कागद काढला. उपाशीपोटी घ्या, पेलाभर पाणी प्या, अर्धा तास काही खाऊ नका. सगळं होतं. अख्खी गिळा, एवढं लिहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बाई हसत सुटल्या. इतक्या, की सिस्टर धावत आली.

दुसऱ्या दिवशी आजींनी कॅप्सूल हातात घेतली, छताकडे बघत "आई, औषधापुरतं माफ कर," म्हणाल्या आणि गटकन गिळली.

तासाभराने साखर उतरायला लागली. दुसऱ्या तासाला आणखी. बाईंनी साहेबांना फोनवर आकडे वाचून दाखवले. पलीकडे साहेबांनी ते लिहून घेतले. मग, "सोमवारचं राहू दे."

बाईंच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिथेच खाटेच्या कडेला टेकून त्यांनी डबा उघडला आणि चार घासांत निम्मा संपवला.

पाठीत हलकासा धपाटा बसला.

"चावून खा गं," आजी म्हणाल्या.