पांडूचं पथ्यपाणी

"बाई, याच्यावर कायतरी करा," म्हणत भागोजीने स्टीलचा डबा टेबलावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला.

सुमेधाबाईंनी झाकण काढलं. ओल्या फडक्यावर बेडकाचं एक पिल्लू बसलं होतं. अंगठ्याएवढं. मांड्या लाल झालेल्या, डोळे अर्धे मिटलेले. बोट जवळ नेलं तरी हललं नाही.

बाईंना हसू आलं. एकतीस वर्षं त्यांनी महाडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि तेव्हा हाच भागोजी त्यांच्यासाठी बेडूक आणायचा तो कापायला. प्रयोगशाळेतला शिपाई. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पोतं घेऊन बिरवाडीकडच्या शेतांत उतरायचा आणि चाळीस नग हजर करायचा, सगळे एका मापाचे. बाहेरगावचे परीक्षकही तोंडात बोट घालायचे. पुढे बेडूक कापणं बंद झालं, मग दोघंही निवृत्त झाली.

"भागोजी, मला बेडूक उघडता येतो. बरा करता येत नाही."

"शकूचा हाय," भागोजी म्हणाला.

बाईंचं हसू तिथेच थांबलं. भागोजीची बायको श्रावणात गेली होती. शेवटचे दोन महिने तिची खाट मोरीला लागून होती. मोरीत हे पिल्लू येऊन राहिलं, तिने त्याचं नाव पांडू ठेवलं आणि नवऱ्याच्या चाळीस वर्षांच्या तक्रारी त्याच्यापुढे मांडायला घेतल्या.

"माझ्यापरीस त्याच्याशीच जास्त बोलली ती. आता घरात तेवढाच हाय, बाई. त्यो गेला तर कोनाशी बोलू?"

बाईंनी पुण्याला आमोदला फोन लावला. त्यांचा जुना विद्यार्थी, आता जनावरांचा डॉक्टर. फोटो बघून तो म्हणाला, "मॅडम, वाचेल असं खात्रीने नाही सांगता येत. पण पथ्य सांभाळा."

पथ्य बाईंनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं. नळाचं पाणी चालणार नाही, शेजारच्या विहिरीचं आणायचं. रोज भांडं धुवायचं, साबण न लावता. अंधाऱ्या, गार कोपऱ्यात ठेवायचं. उगाच हात लावायचा नाही. दिवसातून एकदा मिठाच्या अगदी पातळ पाण्यात दहा मिनिटं.

पांडू बाईंकडेच राहिला. भागोजी रोज सकाळी पहिल्या मिनीडोरने यायचा, पुडीत वाळवी घेऊन. बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम पंधरा दिवस झालेले. काळ्या चष्म्यातून त्यांना सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसे. म्हणून भांडं धुण्याचं काम भागोजीने स्वतःकडे घेतलं. "डोळ्यात पानी उडंल," असं म्हणून तो ते परसात घेऊन जायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांडू एका अंगावर कलला. बाईंनी त्याला हलकेच सरळ बसवलं आणि त्यांना एकदम भरून आलं.

"भागोजी, आपण किती मारले हो? मी मोजलेसुद्धा नाहीत. छाती उघडली की काळीज टकटकत असायचं आणि मी मुलींना सांगायची, नीट बघा गं. माझ्या हातून एक तरी जगू दे. एवढंच पाहिजे मला आता."

शिकवताना कधी आवाज न चढवणारी ही बाई हुंदके देऊन रडली. भागोजी खाली बघत उभा राहिला. या बाईने त्याला अठ्ठावीस वर्षांत एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याने भांडं परसात नेलं आणि लगेच परत आला. "वाळवी इसारलो बघा. आनतो. भांडं झाकलेलं हाय, उघडू नका." तासाभराने चिखलाच्या पायांनी आला आणि परसातूनच ओरडला, "बाई, आज हाललाय जरा!"

तिथून दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पांडूने वाळवी मटकावली आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग रोज चहा होऊ लागला, चहाबरोबर कांदेपोहे, आणि पोह्यांबरोबर जुन्या गोष्टी. एकदा ट्रेमधला बेडूक शुद्धीवर येऊन परीक्षकांच्या पिशवीत शिरला होता. ते बिचारे तसेच खेडच्या एसटीत बसले. भागोजी साभिनय सांगायचा, बाई डोळे पुसत हसायच्या. फॉर्मॅलिनचा वास, खिडकीतून येणारं दुपारचं ऊन, मुलींचे पांढरे एप्रन. ते दिवस आपल्याला इतके आवडत होते, हे बाईंना आत्ता कळत होतं.

तेराव्या दिवशी आमोदने नवा फोटो बघितला. "लाली पार गेली, मॅडम! कमाल केलीत."

बाईंनी डब्याच्या झाकणाला भोकं पाडली, फडकं ओलं केलं, फ्रिजवरचा कागद काढून भागोजीच्या खिशात घातला. "घरीही पाळा हं पथ्य. शकू असती तर काय म्हणाली असती हो?"

"म्हनली असती, बाईंच्या हाताला गुन हाय."

बाईंचा चेहरा असा उजळला की भागोजीला बघवेना. डबा छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. बाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ हात हलवत होत्या.

कोपऱ्यावर तो स्टँडकडे वळला नाही. गांधारीच्या काठाला उतरला. कापणीला आलेल्या भाताच्या कडेला, ओलसर बांधावर बसून त्याने झाकण काढलं.

"जा रे. लई दिस अडकवला तुला."

टुणकन उडी मारून तो भातात दिसेनासा झाला. भागोजीने रिकामा डबा नदीत धुतला आणि घरी निघाला. शकूच्या पांडूला त्याने तिसऱ्या दिवशीच घरच्या परड्यातल्या अबोलीखाली पुरलं होतं.