थेंबांची राखण

"टोच एकदाची," म्हणत निस्तोरने तोंड भिंतीकडे फिरवलं.

झिनोविया नर्सने त्याच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, शीर चाचपली आणि सुई घातली. म्हातारा कळवळला. अख्खा द्राक्षमळा एकट्याने खणणारा हा गडी, पण सुई दिसली की त्याची पाचावर धारण बसायची.

"लग्नाआधी रक्त तपासायला गेलो, तर हा चक्कर येऊन पडला होता," आग्लाया म्हणाली. "माझ्या नवऱ्याला गोळ्या नाही का गं चालत?"

"गोळी पोटातून कधी पोचायची, मावशी? शिरेतून औषध थेट हृदयाला." झिनोवियाने सलाईनची बाटली कोटाच्या खुंटीला अडकवली. "मी खालच्या गल्लीत जाऊन येते. तुम्ही मात्र इथून हलू नका. बाटली रिकामी होऊन हवा शिरेत शिरली, तर खेळ खलास. आणि पाय स्टुलावर घ्या, नळीला धक्का लागेल."

निस्तोर मळ्यात छाती धरून मटकन बसला, तेव्हापासून रोज हेच चाललं होतं. आग्लाया स्टुलावर पाय ठेवून थेंब बघत बसायची. बाहेर शेळी ओरडत होती. अंगणात चेरी पडून सडत होत्या.

"शेळीला पाणी दाखवून येते."

"जा. मी मरतो तोवर."

"मेल्या, असं बोलू नकोस!" ती पुन्हा टेकली. "तू गेलास तर मी भांडू कुणाशी?"

"शेळीशी भांड. ती तरी उलट उत्तर देईल."

आग्लाया हसली. मग तिने त्याचा मोकळा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात भरदिवसा असं बसायला दोघांना कधी सवडच झाली नव्हती. तिला त्याची फार काळजी वाटत होती आणि तो फार आवडतही होता. बोलता बोलता तिचा डोळा लागे, पण लगेच दचकून ती बाटलीकडे बघे.

झिनोविया परतली. सुई निघताच आग्लाया उठली.

"खरं सांग, वाचेल ना हा?"

"वाचेल, मावशी. फक्त हे चुकवायचं नाही."

आग्लायाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती शेळीकडे धावली.

झिनोविया कापसाचा बोळा दाबून धरत म्हणाली, "हात काळानिळा झालाय, काका. थांबवू या का?"

निस्तोर खिडकीतून अंगणात बघत होता.

"तिच्या पायांची सूज?"

"उतरतेय. पण डॉक्टर म्हणाले, हृदय अजून नाजूकच आहे. रोज तासभर तरी तिला बसवायलाच हवं."

निस्तोरने दुसरी बाही वर सारली.

"मग उद्यापासून हा हात घे. आणि या नुसत्या मिठाच्या पाण्याची याहून मोठी बाटली मिळते का बघ. तेवढीच जास्त वेळ बसेल ती."