दारातली डबी

मुलाने नोकरी सोडून घरीच काम सुरू केलं, तेव्हापासून बापलेकांत अबोला आणि निरोप्याचं काम माझ्या गळ्यात. त्यात इंटरनेटची लाइन तुटली, म्हणून हॉटस्पॉटची डबी आणली. ती मुलाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली, तर हॉलमधल्या ह्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत नेट पोहोचेना. हॉलमध्ये ठेवली, तर तिलाच रेंज मिळेना. मांजराने पिल्लू हलवावं, तशी घरभर हलवली. अखेर खोलीच्या दारातच स्टुलावर ठेवली, तेव्हा दोन्ही कॉम्प्युटरना नेट मिळालं. “आता दार लावायचं नाही,” मी दोघांना बजावलं. आठवडाभर दार उघडं आणि तोंडं बंद. आज कंपनीचा माणूस म्हणाला, “काका, लाइन सुरू झाली. डबी आता काढली तरी चालेल.” हे उठून दाराशी गेले. डबी उचलून मुलाच्या पाठीकडे बघत राहिले. “हिची बॅटरी उतरलीय,” हे म्हणाले, “चार्जर कुठाय रे?”